निळ्या डब्यातले राउंड

नाव : सौ. रत्नमाला दयाराम टेंभुर्णे. वय ५१ वर्षे. धंदा : अंगणवाडी कार्यकर्ती. राहणार कोहका, भिलाई, जिल्हा दुर्ग. मूळ गाव साकोलीजवळ, जिल्हा भंडारा.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे की, मला हिंदी येते, परंतु ज्या बोलण्याबद्दल मला सांगायचे आहे ते घरच्या बोलीत झालेले आहे. म्हणून मराठी जाणणारे प्रधान आरक्षक (हवालदार) चंपत नंदेश्वर यांनी माझा जबाब मराठीत लिहून घ्यावा अशी मी विनंती केली.

माझे पती दयाराम हे स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. आम्हाला एकच मुलगी आहे. तिचे नाव प्रांजली, वय २३. ती पॉइंट टू टू बोअरच्या पिस्तुलाने पंचवीस मीटरवर नेमबाजी करते. पिस्तूल आणि राउंड, म्हणजे काडतुसे, तिच्या स्वतःच्या लायसन्सवर आहेत. पिस्तुलाची लाकडी मूठ माझ्या पतींनी कानशीने घासून तिच्या हाताच्या मापाची केली. त्याला त्यांना पूर्ण उन्हाळा लागला. गेल्या वर्षी राज्याच्या संघात जायची ती एका गुणाने राहिली. ती रडली नाही. माझे पती दोन दिवस जेवले नाहीत.

कुरुदच्या बाजूला विजयकुमार डोंगरे यांची नेमबाजीची रेंज आहे. ते फौजेतून निवृत्त झालेले असून प्रांजलीचे कोच आहेत. राज्य संघाच्या यंदाच्या निवड चाचणीसाठी कोणते राउंड घ्यायचे यावरून त्यांचा आणि माझ्या पतींचा मतभेद झाला. तो मी ऐकला, कारण त्या दिवशीही मी जेवणाचा डबा घेऊन रेंजवर गेले होते.

मला समजले ते असे. राउंड एकाच कंपनीचे असले तरी प्रत्येक लॉट वेगळा निघतो आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळा लॉट मानवतो. म्हणून आधी दोन लॉटचे थोडे थोडे राउंड आणले होते. एक निळ्या डब्यात, एक पिवळ्या. प्रांजलीने हात वाळूच्या पिशवीवर टेकवून दोन्हीचे पाच पाच राउंड मारले. माझ्या पतींनी कागदावरची भोके मापली. निळ्याची पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. पिवळ्याची थोडी बाहेर राहिली. परंतु निळ्यातला अधूनमधून एखादा राउंड चाप ओढूनही सुटत नव्हता, नुसता टिक आवाज व्हायचा. पिवळ्यातला एकही तसा निघाला नाही.

कोच म्हणाले, "भाऊ, दहाच्या गोलात दोन्ही बसतात. मग निळा कायले पायजे? जो राउंड सुटतच नाई, त्याची नेमबाजी कोन पाहते?"

माझे पती म्हणाले, "राउंडमंदी खोट नाई. पिस्तुलाची पिन साफ नसंन."

"पिन मीच साफ केली."

"माह्यी जिंदगी मापण्यात गेली, सर. आकडा खोटं बोलत नाई."

कोच प्रांजलीकडे वळले. ते प्रांजलीला म्हणाले, "तू पिवळाच मारजो. अन् टिक वाजलं का पिस्तूल निशाण्याकडंच धरून ठेवजो, अर्धा मिनिट. कधी कधी राउंड उशिरा सुटते. स्लाइडले हात नाई लावायचा. दुसरा हात वर करजो, मी येतो." स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग; तो मागे ओढला की आतला राउंड बाहेर पडतो. ही गोष्ट त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितली असे नाही. ती शाळेत होती तेव्हापासून ते हे सांगत आले आहेत.

त्यानंतर दोन्ही लॉटचे राउंड तिच्या लायसन्सवर घेण्यात आले. पिवळे चाचणीसाठी, असे कोचला सांगण्यात आले. निळ्याची पाच भोके पडलेला कागद माझ्या पतींनी बैठकीत खिळ्याला अडकवला.

मागील रविवारी सकाळी आम्ही तिघे रेंजवर गेलो. कोच शेवटच्या लेनवर एका नवीन मुलीला उभे कसे राहायचे ते शिकवत होते. मधे दोन लेन रिकाम्या होत्या. माझे पती प्रांजलीच्या मागे स्टुलावर बसून पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये राउंड भरून देत होते. मी त्यांच्या मागे बाकावर होते. त्यांनी पिशवीतून निळा डबा काढला.

प्रांजली म्हणाली, "पप्पा, सरनं पिवळा सांगतला हाय."

ते म्हणाले, "सरले चाचणी नाई मारायची. तुले मारायची हाय."

तिने मॅगझिन घेतले. पहिली फेरी चांगली गेली. ऊन चढले होते. तिने डोळ्यांच्या बचावासाठीचा चष्मा कपाळावर सरकवून तोंड पुसले आणि दुसऱ्या फेरीला ती तशीच उभी राहिली. या फेरीत निशाणा तीन सेकंद समोर येतो, मग वळतो. एक-दोन राउंड झाले. पुढच्याला टिक वाजले.

तिने पिस्तूल निशाण्याकडेच धरले. डावा हात वर केला. कोचची पाठ आमच्याकडे होती. तिने एकदा मागे पाहिले. माझे पती म्हणाले, "ओढ, फेक त्या गोळीले. दुसरी घे. टाइम जाऊन राहिला." तिने वर केलेला हात खाली घेऊन स्लाइड मागे ओढली.

आवाज नेहमीपेक्षा लहान झाला. तिने पिस्तूल टेबलावर ठेवले, नळी निशाण्याकडे करून, जसे शिकवले आहे तसे. मग दोन्ही हातांनी तोंड झाकले. ती ओरडली नाही. कोच धावत आले. त्यांनी तिचे हात बाजूला केले आणि पुन्हा तसेच ठेवले. मला म्हणाले, "वहिनी, तुमी तिकडं पाहा." मी तिच्याकडे पाहिले नाही असे नाही.

राउंड उघड्यावर फुटून पितळेचे तुकडे तिच्या उजव्या डोळ्यात गेले आहेत. रायपूरच्या दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले. डोळा राहील, नजर राहणार नाही, असे डॉक्टरांनी मला सांगितले. ती उजव्या डोळ्याने नेम धरते.

त्याच दिवशी दवाखान्यात पोलीस आले. राउंड कोणी दिले असे त्यांनी विचारले. माझे पती म्हणाले, "कोचनं." तेवढेच म्हणाले. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. त्यावरून विजयकुमार डोंगरे यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि रेंजला कुलूप लागले.

परवा कोच दवाखान्यात आले होते. वर वॉर्डात आले नाहीत, खाली पायरीवर बसले होते. मी त्यांना म्हटले, "सर, तुमी पोलिसाले खरं कावून नाई सांगत?"

ते म्हणाले, "पोरीचा बाप हाय तो, वहिनी. त्याच्यावर अजून काय टाकू?" मग विचारले, "जेवते का ती?"

मी म्हटले, थोडे जेवते. ते उठून गेले.

प्रांजलीच्या कानावर गुन्ह्याची गोष्ट तिच्या मैत्रिणीकडून गेली. ती मला म्हणाली, "आई, पप्पाचं नाव नको घेजो. ते मरून जातीन." थोड्या वेळाने म्हणाली, "सरचंही नको घेऊ देजो." दोन्ही कसे करायचे ते तिने सांगितले नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून ती झोपली की जागी होती ते मला कळले नाही.

आज सकाळी मी पतींना सांगितले, "मी ठाण्यात जाऊन राहिली." ते दाढी करत होते. त्यांनी तोंड धुतले आणि स्कूटर काढली. त्यांनी मला फाटकाशी उतरवले.

माझी तक्रार कोणाविरुद्ध आहे असे मला विचारण्यात आले. माझी तक्रार कोणाविरुद्धही नाही. निळे राउंड विजयकुमार डोंगरे यांनी दिले नव्हते, त्यांनी ते मारू नको म्हणून सांगितले होते, आणि स्लाइड ओढायला त्यांनी सांगितले नव्हते, एवढे माझ्या नावाने लिहिले जावे. पतीविरुद्ध साक्ष देण्यास मला कोणी भाग पाडले का, असेही विचारण्यात आले. कोणी नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, दारू घेतली नाही, मुलगी म्हणून प्रांजलीला कमी लेखले नाही. हे पण लिहावे.

वरील मजकूर प्रधान आरक्षक नंदेश्वर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना माझे पती आत आले. त्यांना खुर्ची देण्यात आली, ते बसले नाहीत. "तिने एकदा मागे पाहिले" येथे त्यांनी हात वर करून वाचन थांबवले आणि म्हणाले, "येथं एक राहिलं. तिनं मांगं पाहून विचारलं होतं, पप्पा, थांबू का?"

हे मला बाकावर ऐकू आले नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून येथे जोडले आहे.

बाकीचे माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेले आहे आणि खरे आहे. पतींना विचारले असता त्यांनीही खरे आहे असे सांगितले, आणि आपला जबाब वेगळा घ्यावा म्हणून ते थांबले आहेत.

सही : रत्नमाला द. टेंभुर्णे
समक्ष : चंपत नंदेश्वर, प्रधान आरक्षक