इवायाच्या दारात झेंडू

कॉम्प्युटर आपल्याले सारा समजते, भाऊ! म्हणजे सूनबाईनं चालू करून देल्ला, की त्याच्या पुढचं.

सूनबाई अमरावतीच्या एका फूलवाल्यासाठी ऑर्डरचं ॲप बनवून राहिली होती. ॲप बंद केलं की त्यातल्या ऑर्डरी गायब होत. म्हणून मी रोज तिच्या बापाच्या, म्हणजे अकोल्याच्या आमच्या इवायाच्या नावानं खोटी ऑर्डर टाकून हसत बसे. परवा पाच पोते झेंडू टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई ओरडली, "मामाजी, काय करून ठेवलं? मी काल प्लगिन लावून ॲप डेटाबेसले जोडलं. तुमची ऑर्डर पुसलीच नाही, थेट फूलवाल्याले गेली अन् त्यानं टेम्पो धाडला! पयल्याच गिऱ्हाइकापुढं माझी इज्जत घालवली!"

तेवढ्यात इवायाचा फोन आला.

"फुलं पोचली, इवाई. आता खांदा द्याले कवा येता?"