चमकीवाले संत

(मंठ्याच्या बाजारात सर्जेरावांचं फ्रेमचं दुकान. काउंटरवर ख्रिस्ती संतांची चित्रं मांडलेली. चांगुणाबाई स्टुलावर, सून ज्योत्स्ना शेजारी उभी.)

सर्जेराव : आता ह्याच्यात वाईट काय झालं, मॅडम? तुम्ही सांगितलेले संत अंतोनीच हैत.

ज्योत्स्ना : अंतोनीच आहेत. पण त्यांच्या झग्याला ही चमकी कुणी लावली?

सर्जेराव : मीच की. राजूरच्या गणपतीला लावतो, लक्ष्मीला लावतो. तुमचे बाबा नुसत्या तपकिरी झग्यात उभे होते. बरं दिसंना.

चांगुणाबाई : कपाळाला टिकली बी चिकटवली का ह्यानं?

सर्जेराव : बारीकच हाय, मावशी.

ज्योत्स्ना : भाऊ, त्यांनी गरिबीचं व्रत घेतलं होतं. म्हणून तर झगा साधा.

सर्जेराव : हे आधी सांगायचं ना. मी मेहनत वाचवली असती.

चांगुणाबाई : चल घरी, ज्योत्स्ना. देवाच्याच मनात न्हाई असं दिसून राह्यलं. आमच्यात भिंतीवर बायबलातल्या वचनाची पाटी असती. सासऱ्यापासून तेच. तसबीर कोणाचीच न्हाई.

ज्योत्स्ना : आत्याबाई, नव्या घरात एक लावायची, असं ठरलंय आपलं. मी कॅथलिक घरातली, तुम्ही प्रोटेस्टंट, हे लग्नाआधी माहीत होतं तुम्हाला.

चांगुणाबाई : माहीत होतं. पोरगी गुणाची दिसली म्हणून हो म्हणलं. सगळे संत संगं घेऊन येशील हे कुठं माहीत होतं?

ज्योत्स्ना : सगळे नाही, एकच आणतेय. लग्न झाल्यापासून तुमच्या पाटीखाली बसून प्रार्थना करते. पाटी मला आवडतेही. पण एका तरी भिंतीकडे बघून मला माझं वाटायला नको? नाहीतर ते घर तुमचं, आणि मी पाहुणी.

सर्जेराव : मावशी, चहा सांगू का?

चांगुणाबाई : सांग. बिनसाखरेचा. अन् दुसरे कोणते हैत ते दाखव तिला. चमकी न लावलेले.

सर्जेराव : हे सुतारबाबा. ह्यांना म्या हात लावला न्हाई. हातात रंधा हाय, कामाच्या माणसाला कशाला चमकी?

ज्योत्स्ना : संत योसेफ.

सर्जेराव : अन् हे बाणवाले, अंगभर बाण घुसलेले.

चांगुणाबाई : अगं माय. ह्याच्यासमोर बसून घास उतरायचा न्हाई.

ज्योत्स्ना : संत सेबास्तियन. हे नकोतच. लहानपणी मला यांची भीती वाटायची.

चांगुणाबाई : चला, कशात तरी एकमत झालं. थांब रे सर्जेराव, ती खालची काढ. ही म्हातारी कोण?

ज्योत्स्ना : संत आना. मरियेची आई. म्हणजे येशूची आजी.

चांगुणाबाई : आजीचं नाव बायबलात कुठं हाय?

ज्योत्स्ना : नाही. लोक पूर्वीपासून सांगत आले.

चांगुणाबाई : लोक काय, काहीबी सांगतेत. पोरीला वाचायला शिकवून राह्यली का ही?

ज्योत्स्ना : हो. बघा, अक्षरावर बोट ठेवलंय.

चांगुणाबाई : बोट पोरीचं हाय. म्हातारीनं ते धरलंय. नीट बघ.

ज्योत्स्ना : खरंच की.

चांगुणाबाई : माझी माय असंच धरायची. माझ्या माहेरी, धावड्याला, मिशनची बाई यायची, तिच्याकडून शिकली होती. दिवसभर शेतात निंदायला जायची, बोटाला मातीचा वास. संध्याकाळी माझं बोट धरून अक्षरावरून फिरवायची. मी चुकले की नुसतं दाबायची, बोलायची न्हाई.

ज्योत्स्ना : हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

चांगुणाबाई : तिचा एक फोटो न्हाई आपल्याकडं. आता तर तोंड बी बराबर आठवंना झालंय.

सर्जेराव : मावशी, ही बांधू का?

चांगुणाबाई : मला काय विचारतो? निवडायला सून आली हाय.

ज्योत्स्ना : हीच द्या, भाऊ. साध्या फ्रेममध्ये. आत्याबाईंच्या खाटेसमोर लावते.

चांगुणाबाई : मी हात जोडणार न्हाई तिला, सांगून ठेवते.

ज्योत्स्ना : नका जोडू. नुसतं बघा.

चांगुणाबाई : सर्जेराव, त्या अंतोनीबाबाची चमकी निघती का?

सर्जेराव : हळूहळू काढावी लागंल. टिकलीचा डाग थोडा राहील.

चांगुणाबाई : राहू दे. ते बी बांध. बैठकीत लावायचेत.

ज्योत्स्ना : बैठकीत? आत्याबाई, रविवारी घराच्या प्रार्थनेला तुमच्या चर्चचे पाळकसाहेब येणारेत. त्यांना काय सांगाल?

चांगुणाबाई : सांगीन, घर सुनेचं हाय.