चार बोटं जागा आणि माझी ठकी

नाही हो, सव्वासात नाही, सात वाजून दहा मिनिटं. छापखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सात-दहाला माझी ठकी हरवली आणि पावणेआठला सापडली. पस्तीस मिनिटं, बस्स. पण छापलंय ना, मग खरंच असणार, म्हणून अख्ख्या गावाच्या लेखी माझी पोर गेले सात महिने हरवलेलीच आहे.

आमचे हे जुळारी. म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलायचे, अक्षराला अक्षर लावायचं, ओळी करायच्या. गावात पेपर निघाला तोच मुळी दोन वर्षांपूर्वी. त्याआधी काय होतं? दवंडीवाला होता. चौकात यायचा, थाळी बडवायचा, सांगायचं ते सांगायचा, आणि चुकलंच तर दुसऱ्या दिवशी येऊन "काल सांगितलं ते धरू नका" म्हणायचा. मिटलं. मग संपादकांनी, तेव्हा ते कुठले संपादक, लोकांची पत्रं लिहून द्यायचे, त्यांनी बंदरावरच्या बातम्या हाताने उतरवून बारा घरी वाटायला सुरुवात केली. त्या बारा कागदांवर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. "याचं काय, यानेच लिहिलंय." मग लाकडी यंत्र आलं, दांडा ओढला की कागदावर अक्षरं उठायला लागली, दर शनिवारी चार पानं. माणूस तोच, बातम्या त्याच, आणि लोक काय म्हणतात? छापलंय ना, मग खरंच असणार.

तर त्या शनिवारी सकाळी मी ह्यांचा डबा घेऊन गेले. ठकीला कडेवरून उतरवलं, डबा ठेवला, वळले... ठकी नाही. दीड वर्षाचं पोर, सगळीकडे शाई, शिसं, आणि तो दांडा. सात यत्ता शिकलेय मी, पण त्या घटकेला मला स्वतःचं नाव आठवेना. मी हाका मारतेय, हे टेबलांखाली वाकून बघताहेत, आणि संपादक काय करताहेत? मजकूर सांगताहेत. "जुळारी, घ्या. मुलगी हरवली आहे. वय दीड वर्ष, दात दोन, अंगात पिवळे झबले. आई घरी रडत बसली आहे. सापडल्यास छापखान्यात आणून द्यावी." अहो, मी समोर उभी होते, घरी कुठली? आणि हे, बाप ना, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण हात आपले खिळे उचलताहेत. ओळी लागल्या, सुतळीने बांधल्या, यंत्रावर चढल्या, साठ-सत्तर कागद निघाले, आणि कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यामागे बाईसाहेब गाढ झोपलेल्या सापडल्या. मी म्हटलं, आता तेवढं काढा. तर संपादक म्हणतात, "वहिनी, निम्म्या गावाला एक पेपर आणि निम्म्याला दुसरा, असं चालत नाही."

आता तुम्ही म्हणाल, एकदा छापलं, झालं गेलं. तिथंच तर खरी गोम आहे. शनिवारी सकाळी यंत्राला शाई लागलेली असते, जहाज उशिरा आलेलं असतं, बातमी नसते, आणि चौथ्या पानावर चार बोटं जागा उरते. मग हात जातो फळीवर. तिथं त्या दिवसापासून न मोडलेल्या ओळींत, सुतळीने बांधलेली, मोजून चार बोटांची माझी ठकी तयारच. मी ह्यांना म्हटलं, "अहो, स्वतःच्या पोरीने भोकं बुजवता?" तर म्हणतात, "अगं, दुसरं काही इतकं नेमकं बसत नाही."

मग काय, रविवार उजाडला की छापखान्याच्या दारात कुणीतरी पिवळ्या झबल्यातलं पोर घेऊन उभं. एकदा तर तीन. त्यातल्या एकीचे दात मोजले तर वीस भरले. आणि शेजारच्या काकू? ठकीला मांडीवर घेऊन भात भरवताहेत आणि मला विचारताहेत, "लागला का गं काही पत्ता?" मी म्हटलं, "काकू, ही काय तुमच्या मांडीवर." "ते दिसतंय गं मला, पण छापलंय ना."

गेल्या सोमवारी मात्र हद्द झाली. ठकीला घेऊन बाजारात गेले. न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक वाचणारा बसतो, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवतो. त्याने ठकीकडे पाहिलं, पेपराकडे पाहिलं आणि म्हणाला, "अडवा त्या बाईला." आणि नेमकं त्याच दिवशी पिवळं झबलं, बाकीची वाळत होती, माझंच नशीब. मी म्हटलं, "दादा, मी हिची आई." "आई घरी रडत बसलीय. तू तर कांदे निवडतेयस." "अहो, हिचे दात बघा, दोनच कुठे आहेत?" "दात काय, येतात." आणि घेतली की हो ऐकायला बसलेल्यांनी माझ्या कडेवरून काढून. ठकी बेंबीच्या देठापासून रडतेय, मीही रडतेय, तर त्यातला एक म्हणतो, "आता रडतेय खरी, पण घरी नाहीये." परक्या माणसाच्या खांद्यावरून माझी पोर माझ्याकडे हात पसरतेय आणि मी कांदे टाकून मागे धावतेय... हसा, हसा. ती वरात छापखान्यात गेली म्हणून बरं, ह्यांनी पोर घेऊन माझ्या हातात दिली. दुसरीकडे कुठे गेली असती तर?

मी तिथंच संपादकांसमोर फतकल मारून बसले. म्हटलं, मुलगी सापडली म्हणून छापा, नाहीतर उठत नाही. ते म्हणाले, "वहिनी, हरवणं ही बातमी. सापडण्याची कसली बातमी?" पण मी उठेना तेव्हा झाले कबूल. पहिल्या पानावर, वरती, चौकटीत.

पण माझा जीव धास्तावलेला. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून मी आत शिरले. म्हटलं, फळीवरचं ते चार बोटांचं भूतच मोडून टाकावं. आता खिळे असतात उलटे, आरशात बघावे तसे, आणि माझ्या सात यत्तांत उलटं वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. एक बांधलेलं दिसलं, तेवढंच उंच, तेवढंच रुंद. सोडली सुतळी, दिलं उधळून. आणि घरी येऊन सात महिन्यांत पहिल्यांदा दोन घास सुखाने जेवले.

ते चौथ्या पानाचे बाजारभाव होते.

हे म्हणाले, उंदरांनी पाडले असतील. शनिवारी सकाळी पुन्हा जुळवायला वेळ नव्हता, चौथ्या पानावर चार बोटं जागा उरली... पुढचं तुम्हाला कळलंच. पहिल्या पानावर, चौकटीत, "मुलगी सापडली." चौथ्या पानावर, "मुलगी हरवली आहे." आणि लोक पेपर पहिल्या पानापासून वाचतात हो. काकू सकाळीच आल्या. "कसली गं आई तू? सापडलेलं पोर पुन्हा हरवलंस?"

तेव्हा एवढं करा. दवंडीवाला तर आता छापखान्यात दांडा ओढतो, त्यामुळे तुम्हीच जरा तोंडी सांगा. घरी सांगा, पाणवठ्यावर सांगा, न्हाव्याच्या दुकानाबाहेर तर नक्की सांगा, की ठकी सापडली, आईजवळच आहे. कुणी विचारलं, "छापलंय का?" तर सांगा, छापलंय. फक्त पहिल्या पानाशी थांबा म्हणावं.