न उडालेली गोळी

— नाही नाही, बसा की अमेयसाहेब, उठताय कशाला? मॅनेजरनं मला माफी मागायलाच पाठवलंय — "महिपती, सॉरी बोल, खलास!" इथं आखातात वर्ल्ड कपचं स्टेडियम बांधणारे इंजिनियर तुम्ही, क्लबचे मेंबर, आणि मी फौजेतून आलेला, रेंजवर नेमबाजी शिकवणारा — गेल्या आठवड्यात मी तुमचं मनगट पिरगाळलं, चारचौघांत शिवी दिली. दिलीच! परत देईन. पिस्तूल हातात देताना काय सांगितलं होतं मी? ट्रिगर दाबला आणि गोळी उडाली नाही, तर हलायचं नाही. नळी समोर मातीच्या ढिगाकडंच, बोट ट्रिगरवरून बाहेर, आणि गप उभं राहायचं — मी येऊन बघीन. सांगितलं होतं का नाही? मराठीतच सांगितलं होतं ना? आणि तुम्ही काय केलंत? नुसतं खट्ट झालं, तसे हसत मागं वळलात — "हे बघ ईश्वरी, चालतच नाही!" — नळी थेट वहिनींच्या छातीवर, आणि दाबलंत की पुन्हा! पहिल्या ठोक्याला न उडालेली गोळी दुसऱ्या ठोक्याला उडू शकते, साहेब. उडाली. माझा हात मध्ये आला म्हणून छपरात गेली.

आणि त्यावर तुमचा पहिला शब्द कुठला? "हात का लावलास?" बायकोकडं बघितलंत तरी? मी बघितलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत — पर्स घट्ट धरून उभ्या, आणि मलाच हळूच म्हणतात, "दादा, त्यांना राग आलाय, तुम्ही जरा गप्प बसा." — काय? नोकरी? घालवा की! व्हिसाची भीती मला घालता? भीती कशी असते ते त्या दिवशी बघितलं मी. तेव्हापासून हात थांबत नाही माझा — हा बघा — चहा सांडतो, घरून फोन आला की आवाज कापतो, तर एसीची थंडी म्हणून सांगतो... हे मॅनेजरला बोलू नका हं, हात कापणाऱ्याला रेंजवर कोण ठेव—

फोन काढलात? मॅनेजरलाच लावताय? लावा. हात कापतो म्हणावं महिपतीचा. आणि सॉरी बोलला नाही, हेपण सांगा. — आता उठा. वहिनी बाहेर गाडीत बसल्यात. लागलं का कुठं, एवढं एकदा विचारा त्यांना. — नाही विचारलंत ना अजून?

निघा. यल्ला, निघा इथून.