कमान रिकामी आहे म्हणून

...नाही, दूधवाल्याने विचारलं तर मी समजू शकतो, इस्त्रीवाल्याने विचारलं तरी समजू शकतो, पण डेंटिस्टने? मी खुर्चीत आडवा, जबडा त्याच्या ताब्यात, गालात हा एवढा कापूस, डोळ्यांवर तो दिवा... आणि हा पठ्ठ्या मशीन थांबवून विचारतो, "मग? वहिनी कधी निघताहेत हॉलंडला?" आता तोंडात कापूस असताना माणसाने काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "अओ, अऊन इआएईच आईए!" तो म्हणाला, "वा! वा! पेढे पाहिजेत हं!" आणि पुन्हा मशीन सुरू! अहो, मला म्हणायचं होतं, अहो, अजून मिळालेलीच नाहीये!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही पेढे मागाल.

माझी बायको योगिनी. माहेर डोंबिवली, त्यामुळे प्रत्येक काम वेळेत आणि नीट. मी कोपरीचा, त्यामुळे प्रत्येक काम होईल की, घाई काय आहे. ती ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते आणि सुट्टी मिळाली की आमच्या खाडीवर जाऊन चिखल गोळा करते. हो, चिखल! बाटल्या भरून आणते, त्यावर चिठ्ठ्या लावते आणि फ्रिजमध्ये ठेवते, इडलीच्या पिठाशेजारी. आमची आई, गंगुबाई, तिचं अख्खं आयुष्य मिठागरात गेलं, ती फ्रिज उघडते आणि कपाळावर हात मारते, "आमी जलमभर पायाचा चिखल धुतला, न ही फ्रिजान नेऊन ठेवते!" पण एकदा मी चुकून एक बाटली बाहेर काढली तर हीच आई माझ्यावर ओरडली, "ठेव परत! तिचा अब्यास हाय तो!" म्हणजे सुनेला बोलायचा हक्क फक्त हिला, आम्ही आपले हमाल.

तर हॉलंडला एक संस्था आहे. जगभरातून निवडक माणसं बोलावते, वर्षभर ठेवून घेते, खाडी, दलदल, चिखल यांचा अभ्यास करायला. फेलोशिप म्हणतात. योगिनीला ती हवी होती. हवी होती म्हणजे कशी... लग्नाआधी तिचं संशोधन अर्धं राहिलं, मग नोकरी, मग सासर, मग माझ्या वडिलांचं आजारपण, आणि त्या फेलोशिपला वयाची अट. पुढच्या वर्षी ती त्या अटीच्या पलीकडे जाणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही! तिने अर्ज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, मला वाचून दाखवला. मला त्यातलं 'आय' आणि 'मड' एवढंच कळलं, पण मी मान अशी हलवली की तिला वाटलं मी परीक्षक आहे.

आणि एका संध्याकाळी मेल आला. शॉर्टलिस्ट झाली! आता फक्त इंटरव्ह्यू. योगिनीने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "सर्वेश, हे कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही." मी म्हटलं, "छे, छे!" आणि तुम्हाला सांगतो, मी खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त आईला. आता आई म्हणजे कुणी आहे का? आई ती आई! आईनेही कुणाला सांगितलं नाही. फक्त भाऊला.

भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ, खरं नाव तानाजी. माझ्याहून लहान, पण समाजकार्यात पडल्यापासून सगळी कोपरी त्याला भाऊ म्हणते, मीही म्हणतो, त्याची सख्खी आईसुद्धा म्हणते, "भाऊ, अंघोळ करून घे." पुढेमागे नगरसेवक व्हायचंय त्याला. तोवर तो बॅनर लावतो. कुणाचा वाढदिवस, लाव बॅनर. कुणी दहावी पास, लाव बॅनर. आमच्या गल्लीतल्या विकीने स्कूटरचं लायसन काढलं, 'प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण' म्हणून बॅनर! त्या बॅनरकडे बघत बघत विकी खांबावर आदळला, ते सोडा.

सकाळी मी चहाचा कप घेऊन खिडकीत आलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, समोर गणपती मंडळाची कमान. आणि कमानीवर... योगिनी! ही एवढी! नऊवारी, नथ, मुंडावळ्या, आमच्या लग्नातला फोटो! मागे पवनचक्की, आयफेल टॉवर आणि विमान. खाली लिहिलेलं, 'कोपरीची वाघीण! हॉलंड सरकारची फेलोशिप पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' पटकावल्याबद्दल! शेजारी हात जोडून भाऊ, वाघिणीपेक्षा मोठा. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी! गॉगल लावून! खडवलीला नदीवर पिकनिकला गेलेलो, त्यातला फोटो, टॉवेलच्या वर कापलेला!

मी जिना उतरलो तो चप्पलसुद्धा न घालता. म्हटलं, "भाऊ, काय केलंस हे? अरे, अजून मिळालेलीच नाहीये!" तर हा शांतपणे म्हणतो, "दादा, लिस्टात नाव आलंय ना? लिस्टात नाव आलं की काम झालं. आणि गणपती गेले, नवरात्र यायचंय, मधे कमान रिकामी आहे. नंतर कुठे मिळणार तुला?" मी म्हटलं, "अरे, पण पितृपक्ष लागलाय!" तर म्हणतो, "परदेशाला कुठे पितृपक्ष असतो?"

आता यावर बोला!

योगिनीने खिडकीतून बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ती फक्त म्हणाली, "नाही मिळाली तर मी कॉलेजला कुठल्या रस्त्याने जाऊ?" एवढंच बोलली आणि इडल्या लावायला गेली. मी भाऊच्या पाया पडलो, म्हटलं काढ. तर म्हणाला, "अभिनंदनाचा बॅनर उतरवणं म्हणजे अपशकुन, दादा. लोक म्हणतील, मिळालेली परत घेतली." आणि आई पाठीमागून, "खरा बोलतंय पोर!"

मग काय, सुरू झालं. वॉचमन, "साहेब, मॅडम को बधाई!" भाजीवाल्या ठमाबाई, "तिकडे भेंडी मिलते का रं, नसंल तं सुकवून देते." माझ्या घोडबंदर रोडच्या ऑफिसपर्यंत बातमी गेली, बॉस म्हणाला, "तिकडून चॉकलेट आणायला सांगा." किती जणांना सांगायचं? अहो, अजून मिळालेलीच नाहीये! पण लोकांना वाटायचं मी लाजतोय. "किती साधा माणूस!" म्हणायचे. तुम्हाला सांगतो, त्या दीड महिन्यात माझ्या साधेपणाची जेवढी कीर्ती झाली तेवढी आयुष्यात कधी झाली नव्हती.

इंटरव्ह्यूचा दिवस आला. कॉम्प्युटरवरच होता. योगिनी कपाटासमोरच्या टेबलावर बसली, तर पडद्यावर तिच्या मागे माझे वाळत घातलेले बनियन दिसायला लागले. म्हटलं, हे बरं नाही, इंटरनॅशनल लेव्हलचं काम आहे. मी हुशारी केली, टेबल फिरवलं, आता तिच्या मागे खिडकी, छान उजेड. आईचा टीव्ही बंद, कुकर बंद, बेलचं बटण काढून खिशात. मी दाराशी जमिनीवर फतकल मारून बसलो, कुणी आलं तर पाय धरायला.

पडद्यावर तिकडची चार-पाच माणसं, त्यातल्या एक गोऱ्या बाई, पिकलेले केस, गोड बोलत होत्या. बरंच चिखलाचं झालं. आणि मग त्या जरा पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, इंग्लिशमध्येच हो, मी मराठीत सांगतो, "योगिनी, तुमच्या मागे खिडकीत ज्या भव्य बाई दिसताहेत... त्या तुम्हीच का?"

मेलो! मी डोळे मिटून घेतले. खिडकी! कमान! नथ!

योगिनी मागे वळली नाही. पाणी प्यायली. म्हणाली, "हो, मीच. आमच्याकडे लोक आनंद जरा लवकर करून घेतात." बाई म्हणाल्या, "आणि ते हात जोडलेले?" "माझे दीर." "आणि काळा चष्मा?" "तो माझा नवरा. सध्या जमिनीवर बसलाय." तिकडे सगळे हसायला लागले, आणि योगिनीही हसली, आणि मग मीही खालून हात हलवला, कुणाला दिसला नाही, पण आपली पद्धत.

त्यानंतर वाट बघणं. बाप रे! नवरात्रात भाऊने देवीचा बॅनर लावला तो आमच्या बॅनरच्या वर, त्यामुळे वर देवी, खाली योगिनी, लोक जाताजाता दोघींना नमस्कार करायचे. योगिनी मेल उघडायची, बंद करायची, पेपर तपासायची, पुन्हा उघडायची. मी विचारायचो नाही. आणि खरं सांगू? मला मनापासून वाटायचं, तिला मिळू दे. अगदी मनापासून. पण रात्रीचं जेवण झालं, ती ओट्याशी गुणगुणत भांडी लावायला लागली, की वाटायचं... वर्षभर? एवढ्या लांब? परत येईल तेव्हा तिला हे घर, ही कोपरी, हा गॉगलवाला आवडेल का? असं दोन्ही बाजूंनी वाटायचं हो. देवापुढे उभा राहिलो तरी नक्की काय मागायचं ते ठरेना, नुसता घंटा वाजवून यायचो.

आणि दिवाळीच्या आधी, मी घोडबंदर रोडला बसमध्ये, ट्रॅफिक असा जाम की ड्रायव्हर उतरून चहा पिऊन आलेला, आणि योगिनीचा फोन. नुसती रडतेय. मला वाटलं, गेलं. मी म्हटलं, "जाऊ दे गं, आपण डोंबिवलीला राहायला जाऊ." तर म्हणते, "सर्वेश, मिळाली!" मी सीटवरून उठून ओरडलो, "मिळाली! मिळाली!" अख्खी बस खुश, "मोकळी लेन मिळाली का?" म्हटलं, "बायकोला फेलोशिप मिळाली!" सगळे पुन्हा खाली बसले. पण मला काय त्याचं! मी तिथेच रडलो हो. खिडकीकडे तोंड करून, पण चांगला रडलो. वाटलं, घंटा वाजवली ती बरोबर वाजली.

पेढे घेतले आणि कोपरीत शिरलो. ठमाबाईंना म्हटलं, "घ्या, मिळाली!" त्या म्हणाल्या, "ती तं कंदीच मिलाली ना? पेढं आता आनतंस?" वॉचमनने पेढा हुंगून बघितला, "पुराना तो नहीं है?" डेंटिस्ट म्हणाला, "गोड मी खात नाही." आणि भाऊ? भाऊ छाती काढून, "बॅनर बघूनच दिली त्यांनी!" आणि तुम्हाला सांगतो, मेलमध्ये खरंच एक ओळ होती, की तुमच्या मागे तुमची माणसं उभी आहेत हे आम्ही पाहिलं. आता झालं! ती ओळ भाऊने छापून घेतलीय, पुढच्या इलेक्शनला वापरणार.

आता व्हिसा आलाय, बॅग उघडून ठेवलीय, पुढच्या आठवड्यात विमान. आईने सुकी भेंडी भरलीय. सगळं छान चाललंय म्हणून परवा सकाळी चहा घेऊन खिडकीत आलो. माघी गणपती नुकतेच झालेले, कमान उभी. आणि कमानीवर पुन्हा योगिनी! तीच नथ, तोच आयफेल टॉवर, फक्त विमान उलट्या दिशेने. 'हॉलंड दौरा यशस्वी करून मायदेशी परतल्याबद्दल योगिनीवहिनींचे जाहीर स्वागत!'

खाली धावलो. भाऊ शिडीवरून म्हणाला, "पुढच्या वर्षीचं कुणी बघितलंय, दादा? आत्ता कमान रिकामी आहे." मी तोंड उघडलं, आणि तो शब्द पुन्हा वाचला. परतल्याबद्दल. वर बघितलं तर योगिनी खिडकीत, हसतेय. भाऊ म्हणाला, "काढू का?" मी म्हटलं, "राहू दे. आणि दोरी पक्की बांध. वर्षभर टिकली पाहिजे."

तर काल पुन्हा त्या दाढेसाठी गेलो. मी आडवा, जबडा त्याच्या ताब्यात, गालात कापूस, आणि तो मशीन थांबवून म्हणतो, "वहिनी परत आल्या म्हणे! कसं होतं हॉलंड?" आता काय सांगू? म्हटलं, "अओ, अऊन एएईच आईए!" अहो, अजून गेलेलीच नाहीये!