महापुरुष आणि पांडूतात्याचं खाचर

तुम्ही आता महापुरुषांवरून भांडताय ना, तसेच आम्ही पोशीरला भाताची लावणी करताना भांडलो होतो. वाद मीच काढला. दुपारचा चहा पिता पिता विचारलं, "जगाच्या इतिहासात सगळ्यात मोठा माणूस कोण?"

माझा चुलतभाऊ सुन्या म्हणाला, "ज्यानं चाक शोधलं तो! चाक नसतं तर टेंपो कशावर पळला असता?"

"अरं जा!" काकी उसळली. "ज्यानं पयला भात पेरला तो! पोटाला नाय, तर टेंपोत बसून जाशील कुठं?"

"आणि विस्तव?" मी ओरडलो. "तो भात शिजवलास कशावर?"

चहा संपला, वाद संपेना. रोपांच्या मुठी फेकायचं काम माझ्याकडं. एकेका मुद्द्याला मी एकेक मूठ चिखलात आपटत होतो. मूठ पडेल तिथं बाकीचे वाकून लावत होते, आणि वाकूनच भांडत होते. शेवटची मूठ लागली तेव्हा काकीनं मान वर केली.

"अरं, आपलं खाचर बांधापल्याड रं! हे तर पांडूतात्याचं!"

आमची सगळी रोपं शेजाऱ्याच्या चिखलात! आणि तात्या छत्री घेऊन बांधावरच उभा. कधीपासून, देव जाणे.

सुन्या चाचरत म्हणाला, "तात्या, वाद जरा तापला होता. तुमीच सांगा, सगळ्यात मोठा माणूस कोण?"

"ज्यानं हा वाद काढला तो," तात्या म्हणाला. "उद्या पण या रं. माझं वरचं खाचर रिकामं हाय. विषय मी देतो."