दोन नंबरची गाडी

अरे, आमच्या समता कॉलोनीतल्या देशकर काकांचं सांगतो तुले. रेल्वेतून रिटायर झाल्यावर काका-काकू दोघं रोज टीव्हीवर गाड्यांची रेस खेळायचे. त्यांच्या पोट्ट्यानं दोघांसाठी दोन वायरलेस कंट्रोलर आणून दिले होते. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या.

परवा काकांचा फोन आला. "एक कंट्रोलर चार्जच होऊन नाही राहिला. येतो का जरा?"

गेलो. वायर बदलून पाहिली, चार्जर बदलला, चार्जिंगची जागा सुक्या ब्रशनं साफ केली. लाइट लागे अन् लगेच विझे.

काका म्हणाले, "दोन्ही संगंच आणले होते. माहा चालते, मग हिचाच काहून नाही?"

म्हटलं, "काका, बॅटरी महिनोन् महिने नुसती पडून राहिली की मरते. तुमचा रोज वापरात आहे. पण तुम्ही तर एकटेच खेळता, मग दुसरा कायले पाहिजे?"

"तो चालू असला तरच तिची गाडी येते रे. तिच्या नावाची."

बूढापाऱ्यातल्या दुकानातून नवी बॅटरी आणून टाकली. कंट्रोलर चालू झाला अन् स्क्रीनवर काकांच्या गाडीशेजारी दुसरी गाडी आली. वर नाव, शोभा.

शिट्टी वाजली. बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून गेल्या. काकांनी बटन दाबलंच नाही.

मी म्हटलं, "काका, रेस सुरू झाली."

"होऊ दे," काका म्हणाले. "ती कुठं निघाली अजून?"